फोटोचे बिऱ्हाड

वेबवर दिसणारा फोटो पानात नसतो. पानात असतो तो त्याचा पत्ता. ब्राउझर आधी पान आणतो, त्यातले पत्ते वाचतो आणि मग एकेका पत्त्यावर जाऊन चित्र मागून आणतो. लोकांनी चढवलेले फोटो ठेवायचे कुठे, मागेल त्याला द्यायचे कसे आणि पुसायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नांचा तीस वर्षांचा इतिहास या एका मांडणीतून निघाला आहे.

ही मांडणी सुचवली गेली तो दिवसही नोंदलेला आहे. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी अमेरिकेत मोझाइक हा ब्राउझर लिहीत असलेल्या मार्क अँड्रीसनने वेबच्या जाणकारांपुढे सूचना ठेवली, की मजकुरात चित्र बसवण्यासाठी ‘आयएमजी’ नावाची खूण असावी आणि तिच्यात चित्राचा पत्ता द्यावा. त्याआधी वेबवर चित्रे नव्हती असे नाही. १९९२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या चार गायिकांच्या वृंदाचा फोटो वेबवर ठेवला गेला होता आणि वेबवरच्या सर्वांत जुन्या फोटोंमध्ये त्याची गणना होते. मात्र मजकुराच्या ओळींमध्येच चित्र दिसावे, ही सोय सर्रास नव्हती. अँड्रीसनच्या सूचनेवर बरीच मतमतांतरे झाली. केवळ चित्रच का, कोणताही मजकूर वा ध्वनी पानात बसवता येईल अशी व्यापक रचना करावी, असे काहींचे म्हणणे होते. चर्चा मिटण्याची वाट न पाहता मोझाइक आयएमजी घेऊन बाहेर पडला आणि त्याच्या लोकप्रियतेने प्रश्न निकालात काढला. या साध्या खुणेने एक गोष्ट कायमची पक्की केली : पान एकाच्या सर्व्हरवर आणि चित्र दुसऱ्याच्याच सर्व्हरवर असू शकते. चित्राचा मालक त्या पत्त्यावर दुसरे चित्र ठेवू शकतो किंवा पत्ताच बंद करू शकतो, आणि पान लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

चित्र तारेवरून पाठवायचे तर ते लहान हवे. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये काढलेला जिफ हा प्रकार रेखाचित्रांना पुरत असे, पण त्यात जास्तीत जास्त २५६ रंग मावत. चेहऱ्यावरची सावली त्यात ठिपक्याठिपक्यांची होई. फोटोंसाठीचा जेपेग १९९२ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाला. त्याच्या गाभ्यातले गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचे आहे. कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला होता. तो मिळाला नाही. तरी काम थांबले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांचे या गणिताने रूपांतर करतो. त्यातून चौकोनात उजेड-सावली कुठे संथपणे बदलते आणि कुठे झपाट्याने, ते वेगळे होते. झपाट्याचे बारीक बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते ढोबळ मानाने नोंदले जातात किंवा गाळलेच जातात. फाइल दहापट लहान झाली तरी बघणाऱ्याला सहसा फरक कळत नाही. आज जगभर चढवल्या जाणाऱ्या फोटोंचा मोठा भाग याच चौकोनांमधून जातो. ज्या कामाला निधी नाकारला गेला, त्याच्या इतके रोजच्या वापरात असलेले गणित शोधून सापडणे कठीण.

सुरुवातीला संकेतस्थळावर चित्र ठेवण्याचा अधिकार फक्त त्याच्या मालकाला होता. तो एफटीपी या फाइल पाठवण्याच्या रीतीने फाइल सर्व्हरवर नेऊन ठेवी. वाचकाला पानातूनच फाइल देता यावी ही सोय नोव्हेंबर १९९५ मध्ये आली. झेरॉक्स कंपनीतल्या दोघा अभियंत्यांनी, नेबेल आणि मॅसिंटर यांनी, ‘आरएफसी १८६७’ या दस्तऐवजात तिची रीत मांडली. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. आणि स्वस्तातल्या शेल खात्यावर तेव्हा फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत.

‘आरएफसी १८६७’ मधली रीत आजही जवळजवळ तशीच चालू आहे. फॉर्ममध्ये नाव, गाव आणि फोटो भरला की ब्राउझर या सगळ्यांचे एकच लांबलचक पत्र करतो. प्रत्येक भागाच्या मध्ये एक विभाजक ओळ टाकतो, आणि ही ओळ अशी निवडतो की फोटोच्या आतल्या मजकुरात ती चुकूनही येऊ नये. फोटोच्या भागावर तो दोन चिठ्ठ्या लावतो : फाइलचे मूळ नाव आणि तिचा प्रकार. दोन्ही चिठ्ठ्या पाठवणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेल्या असतात आणि सर्व्हरला त्यांची खातरजमा करण्याचे साधन त्या पत्रात नसते. पुढच्या काळातल्या निम्म्याअधिक डोकेदुखीचे मूळ या चिठ्ठ्यांवर ठेवलेल्या विश्वासात आहे.

पत्र मोठे असे आणि रस्ता अरुंद. डायल-अप मोडेमवर वर पाठवण्याचा वेग सेकंदाला साधारण ३३ किलोबिट. १ एमबीचा फोटो चढवायला चार मिनिटे लागत आणि मध्ये फोन आला, लाइन तुटली, की पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे मर्यादा घालणे भागच होते. पीएचपी या भाषेत अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी ठेवलेली असते. ती आजवर बदललेली नाही. मर्यादेचा हा संस्कार भारतात सरकारी आणि बँक भरतीच्या फॉर्ममध्ये घट्ट रुजला. बँकांसाठी भरतीपरीक्षा घेणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा, तर सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची मागितली जाते. गावोगावच्या सायबर कॅफेत आणि सेवा केंद्रांत फोटो ‘केबीत बसवून देणे’ हे एक स्वतंत्र काम होऊन बसले. तंत्र म्हणून पाहिले तर हे उलटे आहे. मोठा फोटो घेऊन तो सर्व्हरवर लहान करणे कित्येक वर्षांपासून सोपे झालेले आहे. ती मेहनत अर्जदारावर टाकण्याचे कारण उरलेले नाही.

फाइल सर्व्हरवर पोचली की पहिला प्रश्न नावाचा. दोघांनी आपापला ‘फोटो १’ चढवला तर दुसरा पहिल्याला पुसून टाकी. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर तर नुसते नाव न पाठवता वापरणाऱ्याच्या संगणकातला पूर्ण मार्ग पाठवी. देवनागरी नावांची अडचण वेगळीच होती. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि वेबच्या पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. म्हणजे ‘गणपती’ या नावातली काना-वेलांटी धरून पाच चिन्हे पत्त्यात ४५ अक्षरे होऊन बसतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजीत ती २५५ अक्षरांची, देवनागरीत ८५ चिन्हांची. त्यात अनेक अपलोड-स्क्रिप्ट सुरक्षिततेसाठी नावातली रोमन अक्षरे आणि आकडे तेवढे ठेवून बाकी सारे काढून टाकत. मराठी नावाची फाइल चढवली की नावाचा भाग पूर्ण जाई आणि टिंब आणि त्यापुढचे ‘जेपीजी’ एवढेच उरे. यावरचा योग्य उपाय लवकरच सर्वमान्य झाला : लोकांनी दिलेले नाव डेटाबेसमध्ये नोंदवायचे आणि डिस्कवर सर्व्हरने स्वतः काढलेला आकडा ठेवायचा.

दुसरा प्रश्न फोल्डरचा. एकाच फोल्डरात लाखभर फाइली टाकल्या की जुन्या फाइलव्यवस्थांना त्यातली एक शोधणेही जड जाई. प्रत्येक सभासदाला एक फोल्डर द्यावा म्हटले तर ईएक्सटी-३ या व्यवस्थेत एका फोल्डरात ३१,९९८ उपफोल्डरांच्या पुढे जाता येत नसे. बत्तीस हजारावा सभासद आला की फोटो चढेनासे होत. या अडचणीवर विकिमीडियाने केलेली तोड पाहण्यासारखी आहे, कारण ती कोणालाही पत्त्यात उघड दिसते. सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर फाइलच्या नावाचा एमडी-५ या रीतीने एक सोळा-अंकी पद्धतीतला आकडा काढला जातो. त्याचा पहिला अंक हा बाहेरचा फोल्डर आणि पहिले दोन अंक हा आतला. ‘एक्झाम्पल’ नावाच्या नमुना चित्राच्या पत्त्यात म्हणूनच आधी ‘ए’ आणि मग ‘ए९’ येते. सोळा गुणिले सोळा अशा २५६ फोल्डरांत फाइली आपोआप सारख्या विखुरतात, आणि कोणती फाइल कुठे आहे याची यादी ठेवावी लागत नाही. नावच जागा सांगते. मराठी विकिपीडियाच्या लेखात दिसणारे किल्ल्याचे किंवा लेण्याचे कॉमन्सवरचे चित्र याच वाटेने येते.

फाइली डिस्कवर ठेवाव्यात की चित्रेही डेटाबेसमध्येच कोंबावीत, हा वाद बरीच वर्षे चालला. डेटाबेसच्या बाजूने एक चांगले कारण होते : माणसाची नोंद आणि त्याचा फोटो एकत्र राहतात, एकाचा बॅकअप घेतला की दुसऱ्याचाही होतो. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात सिअर्स, व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी मोजमाप करून निष्कर्ष काढला, की २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये चांगली राहते, १ एमबीपेक्षा मोठी फाइल म्हणून, आणि मधल्या पट्ट्यात वापराच्या तऱ्हेवर ठरते. प्रत्यक्षात डिजिटल कॅमेऱ्यांनी हा वाद निकालात काढला. मूळ फोटो १ एमबीच्या पुढे गेले आणि डेटाबेसमध्ये फक्त पत्ता राहिला.

याच सुमारास फोटो ठेवणे हाच व्यवसाय झाला. २००३ मध्ये फोटोबकेट आणि इमेजशॅक सुरू झाल्या. या कंपन्यांकडे फोटो ठेवायचा आणि त्याचा पत्ता आपल्या पानात किंवा चर्चेत चिकटवायचा, अशी पद्धत पडली. १९९३ च्या आयएमजी खुणेत दडलेली शक्यता इथे पूर्ण वापरात आली : पान एकीकडे, चित्र दुसरीकडे. पाहणाऱ्याला जाहिरात न दिसता फोटो दिसे आणि तारेचा खर्च मात्र फोटो सांभाळणाऱ्या कंपनीला पडे. हा हिशेब कधीतरी अंगावर येणारच होता.

फ्लिकर फेब्रुवारी २००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये सुरू झाले. त्याचे चालक मुळात एक ऑनलाइन खेळ बनवत होते. तो बाजूला पडला आणि त्यासाठी केलेल्या कामातून फोटोंची सोय उभी राहिली. फ्लिकरने घालून दिलेला एक पायंडा सगळ्यांनी उचलला. चढवलेल्या फोटोच्या तिथेच वेगवेगळ्या मापांच्या प्रती काढून ठेवायच्या : ७५ पिक्सेलचा चौकोन, मग लांब बाजू १००, २४०, ५०० आणि १०२४ अशी. यादीत लहान चौकोन दाखवायचा, फोटोच्या पानावर ५०० चा, आणि मागेल त्यालाच मोठा. पत्त्यात फोटोच्या क्रमांकाशेजारी एक गुप्त तुकडाही असे, त्यामुळे नुसता क्रमांक वाढवत जाऊन दुसऱ्याचे फोटो पाहता येत नसत. प्रती आधीच काढून ठेवल्या तर जागा जास्त लागते. मागणी आल्यावर काढल्या तर मागणाऱ्याला थांबावे लागते. त्या काळी डिस्क स्वस्त होत होती आणि प्रोसेसर महाग पडत होता, म्हणून फ्लिकरचा कौल बरोबरच होता.

फोटोंचा खरा पूर आला तो फेसबुकवर, आणि या इतिहासातले सर्वांत बारकाईने नोंदलेले कामही तिथलेच आहे. फेसबुकने फोटोंची सोय ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू केली. एप्रिल २००९ मध्ये तिथे १५ अब्ज फोटो होते. प्रत्येकाची चार मापे, म्हणून ६० अब्ज चित्रे, जागा दीड पेटाबाइट, आणि गर्दीच्या वेळी सेकंदाला साडेपाच लाख चित्रे द्यावी लागत. २०१० मध्ये अभियंत्यांनी शोधनिबंध लिहिला तेव्हा फोटो ६५ अब्ज, चित्रे २६० अब्ज, जागा २० पेटाबाइटच्या वर आणि मागणी सेकंदाला दहा लाखांवर गेली होती. दर आठवड्याला एक अब्ज नवे फोटो येत होते.

जागेची अडचण पैशाने सुटते. फेसबुकची अडचण वेगळी होती. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारा काटा तबकडीवर योग्य जागी न्यावा लागतो, त्याला काही मिलिसेकंद जातात. म्हणजे एक डिस्क सेकंदाला शे-दोनशेच फेऱ्या मारू शकते, मग ती कितीही मोठी असो. फेसबुकचे फोटो आधी नेहमीच्या फाइली म्हणून मोठ्या साठवण-यंत्रांवर ठेवलेले होते. एका फोल्डरात हजारो फाइली असताना एक फोटो वाचायला दहाहून अधिक फेऱ्या पडत. फोल्डर लहान करून शेकड्यांवर आणले तेव्हा त्या तीन झाल्या : एक फोल्डरची माहिती वाचायला, दुसरी फाइलची नोंद वाचायला, तिसरी प्रत्यक्ष फोटोसाठी. पहिल्या दोन फेऱ्यांत आणलेल्या नोंदीत फाइल कोणाची, कोणाला वाचण्याची परवानगी, शेवटची कधी उघडली असे तपशील असत. फोटोच्या कामी त्यांतला एकही येत नव्हता.

ही नोंद स्मृतीत ठेवली असती तर फेऱ्या वाचल्या असत्या, पण लिनक्सच्या एक्सएफएस व्यवस्थेत एका फाइलची नोंद ५३६ बाइटांची असते. अब्जावधी फाइलींच्या नोंदी स्मृतीत मावणे शक्य नव्हते. पीटर व्हायगेल, डग बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाइल ही कल्पनाच मोडली. त्यांच्या व्यवस्थेचे नाव हेस्टॅक, म्हणजे गवताची गंजी, आणि तिच्यातला प्रत्येक फोटो म्हणजे सुई. सुमारे १०० जीबीची एकच प्रचंड फाइल करायची आणि फोटो तिच्या शेवटाला एकापुढे एक जोडत जायचे. प्रत्येक फोटोच्या आधी लहानसा मथळा : फोटोचा क्रमांक, मापाचा क्रमांक, लांबी, पुसला आहे की नाही याची खूण, आणि एक यादृच्छिक आकडा. हा आकडा पत्त्यातही असतो. तो जुळला नाही तर फोटो मिळत नाही, म्हणून पत्ता अंदाजाने बनवता येत नाही. फोटोनंतर तपासणीचा आकडा, वाचलेले बिघडलेले नाही ना हे पाहण्यासाठी. स्मृतीत एवढेच ठेवायचे की कोणते चित्र गंजीत कुठून सुरू होते आणि किती लांब आहे. त्याला चित्रामागे सरासरी १० बाइट पुरले. सगळी सूची स्मृतीत मावली आणि फोटो वाचायला डिस्कची एकच फेरी उरली. वापरता येणाऱ्या प्रत्येक टेराबाइटचा खर्च साधारण २८ टक्क्यांनी उतरला आणि सेकंदाला जवळजवळ चौपट वाचने होऊ लागली.

हे शक्य झाले कारण त्यांनी फोटोचा स्वभाव नीट ओळखला. फोटो एकदा लिहिला जातो, अनेकदा वाचला जातो, बदलला कधीच जात नाही आणि वाचण्याच्या मानाने पुसला क्वचित जातो. सर्वसाधारण फाइलव्यवस्था ज्या सोयींसाठी एवढा भार वाहते, त्या सोयी इथे कोणी मागतच नव्हते.

मधल्या वाटेवर प्रती ठेवणाऱ्या जाळ्यांनी, म्हणजे सीडीएननी, हा भार का उचलला नाही, असा प्रश्न पडतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये स्थापलेली अकामाई ही या धंद्यातली आद्य कंपनी. एकच चित्र लाखो लोक पाहतात तेव्हा त्याची प्रत त्यांच्या जवळच्या शहरात ठेवणे फार उपयोगी पडते. काल चढवलेल्या फोटोला हे लागू आहे. पण लोक चार वर्षांपूर्वीच्या सहलीचे फोटोही काढून बघतात. प्रत्येक जण वेगळा, आणि एकेकदाच. अशा फोटोची प्रत वाटेत कुठेच नसते आणि मागणी थेट मूळ गोदामावर येते. म्हणून गोदामच चपळ हवे, हा हेस्टॅकचा निष्कर्ष होता. जुन्या फोटोंसाठी पुढे २०१४ मध्ये फेसबुकने एफ-४ ही वेगळी व्यवस्था जाहीर केली. हेस्टॅकमध्ये सुरक्षिततेसाठी एका बाइटमागे ३.६ बाइट जागा लागे. एफ-४ माहितीचे दहा भाग करते आणि त्यांना गणिताने काढलेले चार जोडभाग देते. चौदांतले कोणतेही चार गेले तरी मूळ माहिती परत मिळते. यातून जागा आधी २.८ आणि मग २.१ पर्यंत खाली आली.

फेसबुकसारखी फौज नसलेल्यांसाठी वाट मोकळी केली ती ॲमेझॉनने. १४ मार्च २००६ रोजी सुरू झालेल्या एस-३ सेवेत १ जीबी महिनाभर ठेवायला १५ सेंट पडत. त्यात फोल्डर नाहीत, डिस्क नाही. बकेट आणि तिच्यातले नाव एवढेच. इन्स्टाग्रामने याचा पुरेपूर फायदा घेतला. ६ ऑक्टोबर २०१० ला ते सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी २५ हजार लोक आले. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले तेव्हा तिथे १३ माणसे काम करत होती. फोटो ठेवण्याचे काम एस-३ कडे होते. त्यांच्या चतुराईचा भाग फोनवर होता. माणूस फोटोखाली ओळ लिहीत असतानाच फोटो मागच्या मागे चढू लागे. ‘पाठवा’ दाबेपर्यंत तो बहुधा पोचलेला असे आणि ॲप अतिशय वेगवान वाटे. भारतातल्यांना या सेवांची सर्वांत जवळची गोदामे बराच काळ सिंगापुरात होती. ॲमेझॉनने मुंबईत केंद्र उघडले ते जून २०१६ मध्ये.

पाठवणाऱ्याच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवल्याची किंमत या काळात वारंवार मोजावी लागली. ‘जेपीजी’ म्हणवणाऱ्या फाइलीत चालवता येणारी आज्ञावली असे, आणि अपलोडचा फोल्डर जर आज्ञावल्या चालवणाऱ्या जागीच असला तर सर्व्हर परक्याच्या हाती जाई. जुने ब्राउझर चिठ्ठी न पाहता आतला मजकूर हुंगत आणि चित्राला पान समजून उघडत. म्हणून मोठ्या कंपन्यांनी लोकांचे फोटो आपल्या मुख्य नावाखाली ठेवणे सोडले. गूगलने त्यांना ‘गूगलयूजरकंटेंट’ हे वेगळे नाव दिले. त्या नावाखाली काही विपरीत चालले तरी मुख्य खात्याच्या किल्ल्या तिथे नसतात. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या चित्रे लहान-मोठी करणाऱ्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात मोठे भगदाड उघड झाले. खास घडवलेले चित्र चढवले की ते लहान करता करताच सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत. तेव्हापासून जाणती मंडळी चित्र उघडण्याचे काम वेगळ्या, कुलूपबंद प्रक्रियेत करतात.

फोटोत पिक्सेलखेरीज आणखीही काही असते. कॅमेरा त्यात वेळ, यंत्राचे नाव आणि फोन असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश लिहितो. डिसेंबर २०१२ मध्ये पोलीस शोधत असलेले उद्योजक जॉन मॅकाफी यांचा फोटो एका मासिकाने वेबवर टाकला आणि फोटोतल्या या नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. आज मोठी संकेतस्थळे ही नोंद लोकांपुढे जाणाऱ्या प्रतीतून काढून टाकतात. लहान संस्थांची अनेक संकेतस्थळे काढत नाहीत. शाळेच्या संकेतस्थळावर मुलांचे फोटो चढवणाऱ्यांनी आधी पाहायला हवी अशी ही गोष्ट आहे.

राहिला पुसण्याचा प्रश्न. हेस्टॅकमध्ये ‘पुसला’ म्हणजे मथळ्यातली खूण बदलली; बाइट तिथेच राहतात आणि पुढे गंजी नव्याने रचली जाते तेव्हाच खरोखर जातात. वर्षभरात साधारण २५ टक्के फोटो पुसले जातात असे त्याच शोधनिबंधात म्हटले आहे. त्यात सीडीएनच्या प्रती वेगळ्या. २००९ ते २०१२ या काळात पत्रकारांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले, की फेसबुकवर पुसलेला फोटो त्याचा थेट पत्ता माहीत असलेल्याला पुढेही दिसत राहतो. एफ-४ ने यावर नेटका उपाय केला : प्रत्येक फोटो स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध करायचा आणि पुसताना फक्त किल्ली नष्ट करायची. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी खासगी स्वरूपाचे चित्र तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याची मुदत घातली. ती पाळायची तर प्रत्येक प्रत कुठे आहे हे आधीच माहीत असावे लागते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांना फोटो हवे होते त्यांचे गेले. लोकांना स्वतःची पाने फुकट ठेवू देणारे जिओसिटीज याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. २०१७ मध्ये फोटोबकेटने दुसऱ्यांच्या पानांत फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले आणि एका रात्रीत असंख्य जुन्या पानांतली चित्रे जाऊन तिथे पैसे भरण्याची सूचना दिसू लागली. गाड्या, रेडिओ, यंत्रे दुरुस्त करण्याच्या टप्प्याटप्प्याने लिहिलेल्या माहितीतले फोटो गेले आणि मजकूर आंधळा झाला. मार्च २०१९ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाचे सर्व्हर हलवताना लोकांनी २०१५ पर्यंत चढवलेले फोटो, गाणी आणि व्हिडिओ गमावल्याचे जाहीर झाले. ज्यांच्याकडे घरच्या डिस्कवर मूळ प्रत होती, त्यांचेच फोटो उरले.